देवी आली नाही तो मंगळवार

"त्या भाकरीवाल्या बाई आहेत ना, त्यांच्या अंगात येतं म्हणे. मंगळवारी. एकदा बघायला जायला पाहिजे."

जेवणाच्या हॉलमध्ये, हात धुण्याच्या नळापाशी एक पाहुण्या बाई आपल्या मैत्रिणीला हे सांगत होत्या. बोलत होत्या हळूच, पण आमच्या केंद्रात जेवताना मौन असतं, त्यामुळे हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं. मी दाराशी रजिस्टर घेऊन उभी होते. माझे कान तापले. ज्यांच्याविषयी बोलणं चाललं होतं त्या ठमामावशी चार हातांवर ताकाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, त्या बाईंच्या पेल्यात ताक ओतलं, भांड्याचा काठ पदराने पुसला आणि म्हणाल्या, "या की बगायला. तिकीट न्हाई."

आणि दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. मावशींच्या हसण्याला आवाज नसे, फक्त खांदे हलत. पाठमोऱ्या चालताना त्यांचे खांदे हलत होते.

आमचं केंद्र भाजे गावाच्या वर, डोंगराच्या पोटात आहे. त्याला आश्रम म्हणता येणार नाही. तिथे कुणाचा फोटो नाही, आरती नाही, घंटा नाही. पुण्यामुंबईची माणसं शुक्रवारी संध्याकाळी येतात, दोन दिवस गप्प बसतात, सरांचं बोलणं ऐकतात आणि रविवारी दुपारी लोणावळ्याहून चिक्की घेऊन परत जातात. सर मूळचे मंगळूरचे, निवृत्त इंजिनिअर. ते इंग्रजीत बोलतात आणि फार थोडं बोलतात. राग आला तर कोणाला आला ते बघा, भीती वाटली तर ती कुठून उठते ते बघा, लगेच काही ठरवून टाकू नका, एवढंच त्यांचं सांगणं. मी तिथे रिसेप्शनवर आहे. लोणावळ्यात रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढले, कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि जिथे कमीत कमी बोलावं लागेल अशी नोकरी शोधत इथे येऊन पोचले. मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात 'मुकी' हे नाव ठेवलं. सकाळी मी स्वयंपाकघरात डोकावले की त्या चुलीकडे बघतच म्हणायच्या, "आली आमची मुकी. हिला कोरा चा द्या, दूध घातलं तर बोलंल बिलंल."

त्या वरच्या वाडीतल्या. वाडी केंद्रापासून अर्ध्या तासाच्या चढावर, पंधरा-वीस घरांची. त्यांचं भाताचं एक खाचर होतं, बाकी मजुरी. केंद्रात गॅस होता, पण भाकरीसाठी त्यांनी मागच्या पडवीत चूल मांडून घेतली होती. तांदळाच्या पिठाची उकड काढायच्या, ती गरम असतानाच मळायच्या आणि थापताना डोळे मिटायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "डोळं उगडं ठिवलं की हात आळशी व्हत्यात." पाहुण्यांपैकी कुणी घाईने आत येऊन "मावशी, झालं का?" म्हटलं, तर त्याला तिथेच पाटावर बसवून पहिली भाकरी त्याच्या हातात द्यायच्या. ताट नाही, भाजी नाही. "ज्याला लय घाई, त्यानं आदी खावं," म्हणायच्या, आणि तो माणूस गरम भाकरी या हातातून त्या हातात करत बसायचा.

केंद्राच्या आवारात तंबाखूला बंदी. मावशी दुपारची मिश्री लावायला फाटकाबाहेर जायच्या, रस्त्याकडेच्या दगडावर बसायच्या आणि बोट दातांवर फिरवत येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायच्या. ध्यानाच्या हॉलला त्या 'गप बसायची खोली' म्हणत. एक मध्यमवयीन बाई दर दोन-तीन महिन्यांनी यायच्या, शनिवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर रडायच्या, आता मी पूर्वीची राहिले नाही असं सरांना सांगायच्या. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताना बघून मावशी मला म्हणाल्या होत्या, "ही चवथ्यांदा आली बदलायला. जाताना बग, तीच जाती." त्यात कुचेष्टा होती असं मला वाटत नाही. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "सोपं नसंल ते."

मंगळवारी मात्र त्या कामावर नसायच्या. त्यांच्या बदली दुसरी बाई यायची. मंगळवारी मावशी देवीचं झाड असायच्या.

ज्याच्या अंगात देवी येते त्याला तिकडे झाड म्हणतात. मावशींच्या सासूच्या अंगात यायची. सासू गेल्यावर वर्षभराने त्यांच्या अंगात येऊ लागली. त्या मला एकदा घेऊन गेल्या होत्या, तेव्हा मी ते पाहिलं. सारवलेलं अंगण, मधे पाट, उदाचा धूर, कडेला एक जण डफ वाजवणारा. आणि पाटाशेजारी त्यांचे थोरले दीर, लिंबाआबा. लोकांचे प्रश्न देवीला विचारायचे आणि देवी बोलली ते लोकांना समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. एरवी लिंबाआबांसमोर मावशी डोक्यावरचा पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून बोलत. त्या दिवशी केस सोडलेल्या मावशींनी त्यांना "आरं लिंब्या" अशी हाक मारली आणि सत्तरीचे आबा "व्हय आई" म्हणून जमिनीला टेकले. लोक खाली कार्ल्यापासून आले होते. कुणाची म्हैस आटली होती, कुणाच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं, कुणाला डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं होतं आणि ते करावं की नको हे हवं होतं. देवी एकेकाला दोन-तीन शब्दांत सांगत होती. परत येताना मी मावशींना विचारलं की मघाशी त्या म्हातारीला तुम्ही काय सांगितलंत. "कोनची म्हातारी?" त्या म्हणाल्या. त्यांना काहीच आठवत नव्हतं. कधीच आठवत नसे. धुतलेल्या पाटीसारकं कोरं व्हतं, म्हणाल्या.

एक नियम होता. झाडाने स्वतःसाठी काही विचारायचं नाही. घरातलाच प्रश्न असेल तर तो लिंबाआबा विचारणार, आणि देवी जे बोलेल ते झाडालाही मानावं लागणार, इतरांना लागतं तसंच.

मावशींच्या घरातला असा प्रश्न एकदाच आला होता. त्यांची एकुलती मुलगी सुमन आंबीच्या बाजूला दिली होती. नवरा कंपनीत कामाला होता आणि मारायचा. पंधरा वर्षांपूर्वी एका रविवारी ती अकरा महिन्यांची रूपाली कडेवर घेऊन माहेरी आली आणि मी परत जाणार नाही म्हणाली. मंगळवारी तिला पाटासमोर बसवलं. लिंबाआबांनी विचारलं, पोरीला ठेवायची का धाडायची. देवी म्हणाली, माघारी धाडा, तितंच तिचं सुख हाय. बुधवारी सकाळी सुमन गेली. सव्वा महिन्याने तिला विहिरीतून काढली. बापाने दुसरं लग्न केलं आणि रूपाली आजीकडे आली.

हे मला मावशींनी स्वतः सांगितलं, मिश्री लावता लावता, फाटकाबाहेरच्या दगडावर. सांगून झाल्यावर चूळ भरली आणि म्हणाल्या, "देवीचा शब्द व्हता. त्याच्यापुढं माजं काय चालतंय." पुढेही दोन-तीनदा हे वाक्य मी ऐकलं. दर वेळी तसंच, एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, सर स्वयंपाकघरातल्या आणि बागेतल्या माणसांबरोबर अर्धा तास बसत. सर बोलत आणि मी मराठीत सांगे. बोलायला नको म्हणून धरलेल्या नोकरीत हे एक काम अंगावर आलं होतं, आणि ते मी मान खाली घालून, शक्य तितक्या कमी वाक्यांत उरकत असे. मावशी त्या बैठकीत भिंतीला टेकून बसायच्या. कधी काही विचारलं नव्हतं. उन्हाळ्यातल्या एका शनिवारी सर भीतीविषयी बोलत होते. त्या दिवशी मागे दोन पाहुणेही येऊन बसले होते. मी सांगून संपवलं आणि मावशी म्हणाल्या, "अंगात देवी आली तर? तवाबी बगायचं का, कुनाला आली त्ये?"

माळी आणि झाडलोट करणाऱ्या दोघी एकदम खाली बघायला लागल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला तो प्रश्न इंग्रजीत सांगता आला असता. शब्द येत होते. पण मागच्या पाहुण्यांसमोर ते शब्द उच्चारायची मला लाज वाटली. मावशींची लाज वाटली की माझी, हे मी पुष्कळ दिवस ठरवू शकले नाही. आता वाटतं, मावशींचीच वाटली. मी सरांना म्हणाले, त्या विचारताहेत की सगळंच बघायचं का. सर हसले आणि म्हणाले, हो, सगळंच, काहीही बाजूला ठेवायचं नाही. ते मी मावशींना जसंच्या तसं सांगितलं.

"बरं," मावशी म्हणाल्या.

त्यानंतरच्या बुधवारी त्या सकाळी रिसेप्शनवर आल्या. तिथे त्या कधी येत नसत. खुर्चीवर बसा म्हटलं तर काउंटरला पाठ लावून जमिनीवर बसल्या. मीही बाहेर येऊन शेजारी बसले.

"आली न्हाई गं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कोन म्हंजी. देवी. डफ सुरू झाला. पोटरीत कळ आली नेहमीसारकी. तितनं ती वर चढती, कमरंत, मंग मानंत. म्या म्हनलं, बगू तरी कोन हलवतंय. बगितलं. कुनीच न्हाई. मीच हलत व्हते. तेवडं दिसलं आन हलायचं थांबलं."

"मग?"

"मंग काय. समदी बसलेली. लिंबाआबा म्हनला, बोल आई. मी म्हनलं, आबा, आई न्हाई आली. मीच हाय. ठमी."

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "तुम्हाला तसंच हलत राहता आलं असतं. कुणाला कळलं असतं?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वयाने फार लहान आहे हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. "आदी कळत नव्हतं तवर ठीक व्हतं," म्हणाल्या. मग उठल्या आणि भाकऱ्या करायला गेल्या.

वाडीने पहिले तीन मंगळवार समजुतीने घेतलं. विटाळ झाला असेल, केंद्रात कुणाचं काही खाल्लं असेल, म्हणून लिंबं उतरवली, उपास करवले. मावशींनी सगळं करू दिलं. पाटावर बसायच्या, डफ वाजायचा, आणि त्या शांतपणे सांगायच्या की आली नाही. चौथ्या मंगळवारी त्या पाटावर बसल्याच नाहीत. एवढ्यावर कदाचित भागलं असतं. एका झाडावरून देवी उठते, दुसरं धरते, हे लोकांना माहीत होतं. पण एका बाईने त्यांना विचारलं की आधी तरी येत होती ना, आणि मावशी म्हणाल्या, "त्येच बगतीया. ठाव न्हाई."

त्या शब्दाने वाडी बिथरली. कुणी देवीच्या शब्दावर ऑपरेशन टाळलं होतं, कुणी मुलगी दिली होती, लिंबाआबांनी स्वतःच्या धाकट्या मुलाला मुंबईहून परत बोलावलं होतं. ते घडलेलं आता कुणाच्या नावावर टाकायचं? "आता म्हनती ठाव न्हाई," लिंबाआबांच्या सुनेने पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "साहेबाच्या खोलीत गप बसून बसून हिला अक्कल आली. आमी काय आता पुन्ना जल्म घ्यायचा व्हय?" मावशींनी हंडा भरला, डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्यायला आला आसता तर म्याच नसता का घेतला." हे मला रूपालीने सांगितलं. तिला ते सांगताना हसू आलं नव्हतं. ती अकरावीत होती, लोणावळ्याला कॉलेजला जायची, आणि वाडीतल्या ज्या दोन मुलींबरोबर खाली स्टेशनपर्यंत चालत जायची, त्या आता तिच्यासाठी थांबत नव्हत्या.

भातलावणीला तिकडे एकमेकांच्या खाचरात जायची रीत आहे. त्या वर्षी मावशींच्या खाचरात कुणी आलं नाही. एका रविवारी सुट्टी घेऊन मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा चिखलात उतरले आणि दोन तास रोपं लावली. मावशी बांधावर उभ्या राहून माझ्या ओळीकडे बघत म्हणाल्या, "ही वळ इंग्रजीत लावली व्हय गं?" रूपाली त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

बांधावर भाकरी खाताना मी मावशींना खरं सांगितलं. की त्या शनिवारी त्यांचा प्रश्न मी सरांना विचारलाच नव्हता. देवीचं नावच घेतलं नव्हतं.

मावशींनी घास थांबवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "म्हंजी त्यानला ठावच न्हाई?"

"नाही."

"बरं केलं. त्यानला ठाव आसतं तर त्यांनी वाईच सांबाळून सांगितलं आसतं." पुन्हा खाऊ लागल्या. रूपाली पलीकडे ओढ्यावर हात धूत होती. तिच्याकडे बघत मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या, "देवी गेली त्याचं मला भ्या न्हाई. ती नसंल, तर त्या दिशी सुमीला कोन बोललं, त्याचं भ्या हाय."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. इंग्रजीत, एकही शब्द न टाळता. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, त्यांना सांग, इथे थांबलं तरी चालेल. एवढ्या पुढे एकट्याने जायची गरज नाही. मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, मी तीस वर्षं हे बोलतो आहे, पण स्वतःच्या बाबतीत इतक्या जवळ मी कधी गेलेलो नाही.

पडवीत जाऊन मी निरोप सांगितला. मावशी भाकरी थापत होत्या. डोळे उघडे होते.

"थांबायचं कसं?" त्या म्हणाल्या. "दिसलं ना त्ये. रोज सांजच्याला चुलीम्होरं बसून बगत व्हते. दुसऱ्या कुटल्या मंगळवारी कोन म्होरं बसलं, काय बोलले, मला एक आठवत न्हाई. त्यो मंगळवार समदा आठवतोय. सुमीनं हिरवं लुगडं नेसलेलं. पोर मांडीवर. गालावर हितं," त्यांनी पिठाचा हात स्वतःच्या डाव्या गालाला लावला, "काळं पडलेलं. म्या त्ये बगितलं आन मंग बोलले. देवी आसती तर मला दिसलं नसतं."

गालावर पीठ तसंच राहिलं. मी ते पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"रूपालीला सांगितलंत?"

"न्हाई."

ठमामावशींना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पंधरा-वीस घरांसमोर देवी नाही म्हणणारी बाई भाकरी तव्यावर टाकायची विसरून हातात धरून बसली होती. "तिला वाटतंय देवीनं नेली तिची आई. तेवड्यावर ती मोटी झाली. आता म्या म्हनू का तिला, देवी न्हाई, ही समोर बसली ती? कुनाच्या हातचं खाईल मंग ती?" भाकरी मधोमध चिरत गेली. त्यांनी तिचा गोळा केला आणि पुन्हा मळायला घेतला. "सांगंन. नवरात्र हूं दे. परीक्षा हूं दे तिची." नंतरही असंच काहीतरी पुढे ढकलत राहिल्या. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते. मी तर एक वाक्य भाषांतर करायला घाबरले होते.

आता मावशी केंद्रात नाहीत, वाडीतही नाहीत. आंबीच्या बाजूला एका पोल्ट्रीवर कामाला आहेत असं माळी सांगतो, नक्की त्यालाही माहीत नाही. सुमन जिथे गेली त्याच बाजूला त्या का गेल्या असतील, हे मी त्याला विचारलं नाही. खाचर लिंबाआबा करतात. रूपाली तळेगावला होस्टेलवर राहते. मी फोन केला तर घेते, अभ्यासाचं बोलते, आजीचं नाव काढलं की ठेवून देते. पडवीतली चूल मोडली. नवीन बाई गॅसवर चपात्या करते. त्या रडणाऱ्या बाई मध्ये पुन्हा येऊन गेल्या. मी अजून त्याच काउंटरवर आहे.

मावशींना मी शेवटचं पाहिलं ते नवरात्रातल्या मंगळवारी, दुपारी, त्यांच्या अंगणात. त्यांनीच बोलावलं होतं. "लोक जमनार हायेत," म्हणाल्या होत्या. "माज्या बाजूला एक मानूस पायजे. न बोलनारं चालंल."

वाडीने ठरवलं होतं की देवी पुन्हा बसवायची. पाट धुवून मांडला होता. मावशी ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, मी त्यांच्यामागे. रूपालीला बायकांनी पाटावर बसवलं होतं, नवं लुगडं नेसवून, कपाळभर कुंकू लावून. कितीतरी महिन्यांनी त्या बायका तिच्याशी गोड बोलत होत्या. एकीने तिची वेणी सोडून केस मोकळे केले. डफ सुरू झाला. रूपाली आधी इकडेतिकडे बघत होती. मग तिने डोळे मिटले आणि तिचे खांदे हलायला लागले.

"धरलं," कुणीतरी म्हणालं. "नातीला धरलं." सगळीकडे हात जोडले गेले. एक म्हातारी रडायला लागली. मावशी हलल्या नाहीत. त्या फक्त रूपालीकडे बघत होत्या.

नव्या झाडाची परीक्षा घ्यायची रीत आहे. देवीने मागे जुन्या झाडातून दिलेला एखादा शब्द तिला विचारायचा. तिने तो आपलाच म्हणून कबूल केला की देवी तीच, आणि तिचे मागचे सगळे शब्दही खरे. लिंबाआबांनी डफ थांबवायला हात वर केला. ते दुष्ट माणूस नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज थरथरत होता. ज्या शब्दाची सगळ्या वाडीला आठवण होती, ज्याच्यावर सगळ्यांचं अडलं होतं, तोच त्यांनी विचारला.

"आई, येक सांग. ह्या पोरीच्या आईला, सुमीला, माघारी कुनी धाडली? तूच ना?"

रूपालीचे डोळे उघडले. क्षणभर ते अकरावीतल्या मुलीचे डोळे होते. हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने भोवती पाहिलं. जोडलेले हात, तिच्याकडे लागलेली तोंडं. मग तिने डोळे घट्ट मिटून घेतले, पुन्हा डोलायला लागली, जोरात, आणि तिचं तोंड उघडलं. ती हो म्हणणार होती. आपल्या आईला आपणच मरायला धाडलं असं ती सोळा वर्षांची मुलगी सगळ्यांसमोर म्हणणार होती, आणि लोक तिच्या पाया पडणार होते.

मावशी खांबापासून निघाल्या. बायकांमधून वाट काढत गेल्या आणि पाटासमोर, जिथे प्रश्न घेऊन आलेली माणसं बसतात तिथे, जमिनीवर बसल्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता. लिंबाआबा हातभर अंतरावर होते, तरी त्यांनी तो वर घेतला नाही. त्यांनी रूपालीचे दोन्ही हात धरले आणि तिचं डोलणं थांबेपर्यंत धरून ठेवले. आवाज चढवला नाही. पण अंगण इतकं गप्प होतं की सगळ्यांनी ऐकलं.

"रूपे, डोळं उगड. माज्याकडं बग. तू न्हाई धाडली. देवीनंबी न्हाई. तुज्या आईच्या गालावरचं काळं मला दिसत व्हतं, आन लेक घरी येऊन बसली तर लोकं काय म्हनतील, म्हनून म्या तिला धाडली."